होलोग्राममधली भुतं परत परत येतात? आधी फूटपट्टी काढा

लक्षण असं. कोऱ्या डीव्हीडी-आर चकतीवर सत्तर मिनिटं घरचं यंत्र चालवून संगणकनिर्मित होलोग्राम लिहिला, म्हणजे संगणकाने काढलेला बारीक ठिपक्यांचा असा नमुना, ज्यावर लेझर टाकला की समोर हवी ती प्रतिमा उमटते. त्यावर हिरवा लेझर टाकला. समोरच्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर ‘क’ उमटला, अगदी ठसठशीत. पण त्याच्या वर एक फिकट ‘क’ आणि खाली आणखी एक. नट आवळला, पुन्हा लिहिलं, भुतं कमी झाल्यासारखी वाटली. दुसऱ्या दिवशी नवी चकती लावली तर दोघं हजर, जागचे हलले नव्हते.

या भुतांमागे मी तीन आठवडे घालवले. त्यातले अडीच आठवडे फुकट गेले, कारण मी अंदाजाने एकेक भाग बदलत बसलो होतो. पुठ्ठ्यावरच उत्तर लिहिलेलं होतं, मी ते वाचत नव्हतो. चकतीवर ठरावीक अंतराने जे काही पुन्हा पुन्हा घडतं, मग ते तुम्हाला हवं असो वा नसो, त्याचा पुठ्ठ्यावर ठरलेल्या जागी ठिपका पडतो. अंतर लहान असेल तर ठिपका लांब, अंतर मोठं असेल तर जवळ. म्हणजे भूत मूळ प्रतिमेपासून किती सरकलंय हे मोजलं की यंत्रातली चूक किती मायक्रॉनांनी पुन्हा येते ते कळतं. आणि तेवढ्या मायक्रॉनांनी पुनरावृत्त होणारे भाग यंत्रात मोजके असतात.

खालचे आकडे माझ्या मांडणीचे आहेत. तुमचे वेगळे असतील, पण हिशोब तोच.

डीव्हीडी रायटरमधून काढलेलं पिकअप (लेझर आणि भिंग बसवलेला भाग), ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर डायोड, भिंगाचा एनए, म्हणजे प्रकाश किती रुंद कोनातून एकवटतो त्याचं माप, ०.६. चकती फिरवत नाही, स्टेजवर दाबून बसवतो. पिकअप आडवं धावत ओळ लिहितं, एक ओळ झाली की स्टेज उभ्या दिशेला एक पाऊल सरकते. ठिपक्यांत आणि ओळींत २ मायक्रॉन अंतर, २०४८ ओळी, दर ओळीत २०४८ जागा, म्हणजे सगळा होलोग्राम जेमतेम ४.१ मि.मी. चौरस. वेग सेकंदाला १००० जागा, म्हणजे २ मि.मी. उभ्या दिशेला २०० स्टेप्सची स्टेपर मोटर आणि एका फेऱ्यात १ मि.मी. पुढे जाणारा स्क्रू. वाचायला ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर, पुठ्ठा बरोबर १ मीटरवर.

सीडी-आर स्वस्त पडते म्हणून ती वापरायचा मोह होतो. नको. तिच्यात लिहायचा थर १.२ मि.मी. प्लॅस्टिकखाली असतो, डीव्हीडीत ०.६ मि.मी. खाली. डीव्हीडीच्या भिंगाने सीडीत लिहायला गेलात की ठिपक्याभोवती कडी पडतात आणि अर्ध्या मायक्रॉनचा टोकदार ठिपका पसरट होतो. हा दोष भुतं आणत नाही, सगळीच प्रतिमा मारतो.

आणखी एक, हे हसण्यावारी नेऊ नका: रायटरचा लाल डायोड १०० मिलिवॉटच्या पुढे जातो. त्या तरंगलांबीसाठीचा चष्मा घातल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. चकतीवरून परतलेला किरणही डोळा घालवू शकतो.

आधी ती भुतं, जी भुतं नाहीतच

नव्याने करणारे इथेच घाबरतात. मधोमध जो झगझगीत बिंदू दिसतो तो न वळलेला प्रकाश. त्याच्या पलीकडच्या बाजूला उलटा झालेला ‘क’ म्हणजे जुळी प्रतिमा. लिहिलं किंवा नाही लिहिलं, अशा दोनच अवस्थांच्या होलोग्राममध्ये ती येणारच, कितीही नेमकं यंत्र आणा. तिसरं, पुठ्ठा मोठा असेल तर सगळा देखावा साधारण २७ सें.मी. अंतरावर पुन्हा उमटतो, कारण ठिपके २ मायक्रॉनांच्या चौकटीत बसवलेले आहेत. ब्राउन आणि लोमान या संशोधकांनी १९६६ साली संगणकाने काढलेल्या दोन-अवस्थी होलोग्रामचं काम छापलं, तेव्हापासून ही मंडळी सोबत आहेत. प्रकाशाचा हिशोबही कंजूष: अशा काळ्या-पांढऱ्या जाळीत एका बाजूच्या प्रतिमेला आदर्श स्थितीतही जेमतेम १० टक्के प्रकाश मिळतो. तेव्हा प्रतिमा अंधुक आहे म्हणून यंत्राला दोष देऊ नका.

मग फाइल तपासा. यंत्राला हात लावण्याआधी, हे शंभरदा सांगेन. जी बिटमॅप यंत्राकडे गेली, तीच फाइल उचलून तिचं फूरिये रूपांतर संगणकावर काढा, म्हणजे पुठ्ठ्यावर काय उमटेल ते गणितानेच दिसतं. भूत तिथेही दिसलं तर यंत्र निर्दोष आहे. माझ्या बाबतीत एकदा फाइल मोबाइलवरून पाठवली होती आणि वाटेत ती जेपेग झाली. जेपेग आठ-आठ जागांचे चौकोन करतं, आठ जागा म्हणजे १६ मायक्रॉन, आणि पुठ्ठ्यावर ३३ मि.मी. अंतराने आडवी-उभी भुतांची जाळीच पडली. दुसरा नेहमीचा प्रकार म्हणजे कुठल्यातरी सॉफ्टवेअरने गुपचूप आकार बदलणं. २०४८ ओळींच्या २००० केल्या की दर ४२-४३ ओळींमागे एक ओळ गळते, आणि सहा-सव्वासहा मि.मी. वर भूत उभं.

मोजायचं कसं

गणित पाठ करण्याइतकं सोपं आहे. हिरवा लेझर आणि १ मीटर अंतर असेल तर ५३२ ला भुताच्या मि.मी. मधल्या सरकण्याने भागा, उत्तर मायक्रॉनमध्ये येतं. उलटंही चालतं: ५३२ ला मायक्रॉनांनी भागलं की मि.मी. दहा सें.मी. च्या आसपास या हिशोबात एखाद्या टक्क्याची चूक असते. निदानाला ती आड येत नाही. लाल लेझरने वाचत असाल तर ५३२ च्या जागी त्याचे नॅनोमीटर घाला.

चाचणीसाठी मी मुद्दाम ‘क’ लिहितो. शिरोरेघ ते शिरोरेघ मोजली की उभं सरकणं मिळतं, दंड ते दंड मोजला की आडवं. शिवाय ‘क’ कुठल्याच बाजूने सममित नाही, त्यामुळे जुळी प्रतिमा आणि खरं भूत यांत गल्लत होत नाही. अक्षर लहान ठेवा, दोनेक सें.मी., आणि मध्यबिंदूपासून वर आणि उजवीकडे काढा. मधोमध काढलेल्या प्रतिमेत काही दोष लपून राहतात. त्याचं कारण पुढे येईल.

पॉइंटरचा किरण सरळ टाकू नका. तो एखादा मि.मी. रुंद असतो, मग पुठ्ठ्यावरचा प्रत्येक ठिपकाही तेवढाच जाड येतो आणि अर्ध्या मि.मी. वरची भुतं त्यातच बुडतात. दोन भिंगांनी किरण पसरवून पूर्ण ४ मि.मी. होलोग्राम उजळा आणि फोकस पुठ्ठ्यावर आणा. मग ठिपका ०.१३ मि.मी. पर्यंत बारीक होऊ शकतो. एरवी नुसता ‘जरा पुसट’ वाटणारा ‘क’ असा पाहिला की कळतं, त्याला दोन्हीकडे चिकटून चार-चार भुतं आहेत.

आता तीन प्रश्न, याच क्रमाने विचारा. भूत किती सरकलंय? कुठल्या दिशेला सरकलंय? आणि लिहायचा वेग बदलून तोच होलोग्राम पुन्हा लिहिला तर ते जागचं हलतं का? वेग बदलल्यावर हललं तर दोषी घड्याळाच्या तालावर चालतो: वीज, पंखा, एसी. नाही हललं तर दोषी लोखंडात आहे: स्क्रू, मोटर, नट, किंवा चकती स्वतः.

माझं २७ मि.मी. चं भूत

सरकणं २६.६ मि.मी. भरलं. ५३२ भागिले २६.६, वीस मायक्रॉन. मी लगेच टाळी वाजवली. वीजपुरवठा ५० हर्ट्झचा, रेक्टिफायरनंतर (एसी विजेची डीसी करणारा भाग) १०० हर्ट्झची लहर, वेग सेकंदाला २ मि.मी., म्हणजे लेझरची तीव्रता दर २० मायक्रॉनांनी वरखाली. जुळलंच की! नवा पुरवठा घेतला, जाड कपॅसिटर लावला, शेवटी लेझर बॅटरीवर चालवला. भूत ढिम्म.

दुसरा प्रश्न विचारलाच नव्हता. ओळी आडव्या लिहिल्या जातात, मग विजेची लहर आडवी भुतं देणार. माझी भुतं वर आणि खाली होती. शिवाय दर ओळीची सुरुवात लहरीच्या वेगवेगळ्या टप्प्यावर होते, त्यामुळे विजेचं भूत स्वच्छ अक्षरासारखं दिसतच नाही, उभं फासटल्यासारखं दिसतं. माझ्या भुताची शिरोरेघ मूळ अक्षराइतकी रेखीव होती. एवढं समोर असून मी बॅटऱ्या चार्ज करत बसलो.

उभ्या दिशेला वीस मायक्रॉन कुठे आहेत? स्क्रू फेऱ्यात १ मि.मी., मोटर फेऱ्यात २०० स्टेप्स, म्हणजे एक पूर्ण स्टेप ५ मायक्रॉन. आणि मोटरच्या दोन कॉइलमधल्या प्रवाहांचं एक चक्र चार पूर्ण स्टेप्सचं. चार पंचे वीस. सापडला.

इथे थोडं थांबतो, कारण हे फार उपयोगी आहे. मायक्रोस्टेपमध्ये, म्हणजे एका पूर्ण स्टेपचे बारीक भाग करून मोटर चालवताना, एका कॉइलला साइन आणि दुसरीला कोसाइन प्रवाह द्यायचा असतो. जिथे प्रवाह शून्य हवा तिथे एखाद्या कॉइलमध्ये थोडा उरत असेल, तर चूक चक्राला एकदा येते: २० मायक्रॉन, पुठ्ठ्यावर २६.६ मि.मी. दोन्ही कॉइलचे प्रवाह लहान-मोठे असतील तर चूक चक्राला दोनदा: १० मायक्रॉन, ५३ मि.मी. आणि मोटरच्या चुंबकांची अंगची अडखळ, म्हणजे वीज बंद असताना दांडा हाताने फिरवताना बोटांना जाणवणारे टकटक खड्डे, चक्राला चारदा: ५ मायक्रॉन, १०७ मि.मी. एकाच मोटरचे तीन आजार, आणि तिन्हींची भुतं वेगवेगळ्या मजल्यांवर राहतात.

माझं पहिल्या मजल्यावरचं. मीटर लावून पाहिलं तर एका कॉइलमध्ये शून्याच्या जागी कमाल प्रवाहाच्या ८ टक्के प्रवाह उरत होता. कुठल्या मायक्रोस्टेपला किती प्रवाह द्यायचा त्या तक्त्यात तेवढा वजा केला. पुढच्या चकतीवर ती दोघं दिसेनाशी झाली. नट आवळून काय उपयोग होणार होता!

५३ मि.मी. वर भूत असेल तर मात्र कॉइल मोजण्याआधी एक साधा भागाकार करा. माझा ड्रायव्हर पूर्ण स्टेपचे १६ भाग करतो, म्हणजे एक मायक्रोस्टेप ०.३१२५ मायक्रॉन. ओळीतलं अंतर २ मायक्रॉन, भागाकार ६.४. यंत्र ०.४ मायक्रोस्टेप टाकू शकत नाही, मग ते ६, ६, ७, ६, ७ अशी पावलं टाकतं आणि पाच ओळींनी पुन्हा पहिल्यापासून. पाच ओळी म्हणजे १० मायक्रॉन. म्हणजे मोटर, ड्रायव्हर, स्क्रू सगळं नवंकोरं असूनही हे भूत येणारच. ओळीतलं अंतर मायक्रोस्टेपच्या पूर्ण पटीत घ्या. मी आता ७ मायक्रोस्टेप, म्हणजे २.१८७५ मायक्रॉन वापरतो, आणि होलोग्राम काढतानाच संगणकाला उभ्या दिशेचं हे अंतर सांगतो. नाहीतर अक्षर बसकं दिसतं.

अर्ध्या पडद्यावर उडी मारणारं भूत

वेळ वाचवायला मी एक ओळ डावीकडून आणि पुढची उजवीकडून लिहितो. यातून येणारं भूत ओळखायला सगळ्यात सोपं. स्क्रू-नटमधला प्ले (ढिलेपणा) म्हणा किंवा लेझर पेटायला लागणारा उशीर म्हणा, सम आणि विषम ओळी एकमेकींपासून आडव्या सरकतात. ही चूक दर दोन ओळींनी पुनरावृत्त होते, म्हणजे ४ मायक्रॉन, म्हणून भूत १३ सें.मी. वर: बरोबर अर्धा पडदा, कारण सगळा देखावा २७ सें.मी. नी पुन्हा येतो. वरच्या अर्ध्या भागातल्या अक्षराचं भूत खालच्या अर्ध्या भागात जाऊन बसतं.

याची खूण म्हणजे मध्यातून जाणाऱ्या उभ्या रेषेजवळ हे भूत दिसतच नाही आणि डाव्या-उजव्या कडेला जाल तसं ठळक होत जातं. म्हणून अक्षर मधोमध काढू नका म्हटलं. ओळी अर्धा मायक्रॉन जरी सरकल्या तरी कडेकडच्या भागातला नऊ-दहा टक्के प्रकाश भुताकडे जातो. प्ले की उशीर, हे वेगाने ठरतं. वेग निम्मा केल्यावर भूत फिकं पडलं तर उशीर: लेझरला तेवढा आधी हुकूम द्या. तसंच राहिलं तर प्ले. एकाच दिशेने लिहिलं की दोन्ही जातात, वेळ दुप्पट लागतो. घाई नसेल तर मी आता तेच करतो.

चकतीच्या खाचा

हे भूत यंत्राचं नाही, चकतीचं आहे, आणि माझ्या माहितीत सगळ्यांनाच चकवून गेलेलं आहे. कोरी चकती कोरी नसते. तिच्यात ०.७४ मायक्रॉन अंतराने सर्पिल खाच आधीपासूनच असते, त्यातूनच ते इंद्रधनुष्य दिसतं. नुसती खाच हिरवा प्रकाश ४६ अंशांवर फेकते, म्हणजे आपल्या पुठ्ठ्याच्या बाहेर. पण खाचेतला डाय (लेझरने जळणारा रंगाचा थर) आणि खाचांमधला डाय सारखा जळत नाही, त्यामुळे तुमच्या २ मायक्रॉनांच्या ओळी आणि खाचा यांचा तालमेळ होऊन तिसराच संथ ताल तयार होतो. दोन जाळीदार पडदे एकावर एक धरल्यावर पट्टे दिसतात, तसा. २ मायक्रॉनांच्या ओळींसाठी त्याचं भूत ७९ मि.मी. वर येतं.

पण ते अक्षरासारखं नसतं, फिकट पुसट रेघेसारखं असतं. खाचा सरळ नाहीत, वर्तुळाच्या कमानी आहेत, त्यामुळे होलोग्रामच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्यांची दिशा वळते आणि भूत आडवं ताणलं जातं. चकतीच्या मध्यापासून ४० मि.मी. वर लिहिलेल्या माझ्या होलोग्राममध्ये ती रेघ सात सें.मी. लांब होती. शंका असेल तर चकती थोडी फिरवून बसवा आणि पुन्हा लिहा. सगळी प्रतिमा जागेवर आणि हे एकच भूत हललं, तर खाच.

चकती तिरकी लावून हे घालवता येत नाही. मी पंचेचाळीस अंश लावून पाहिलं, तर भूत उलट मध्याजवळ आलं. खाचेचा ताल तुमच्या चौकटीत कुठेतरी दुमडून येणारच, आपल्या हाती फक्त जागा निवडणं आहे. ओळीतलं अंतर खाचेच्या बरोबर तिप्पट, २.२२ मायक्रॉन घेतलं तर भूत मध्यबिंदूवरच येतं आणि त्याच्या झगमगाटात बराचसा भाग झाकला जातो. माझ्या ड्रायव्हरला २.२२ जमत नाही. २.१८७५ ला रेघ मध्यापासून साधारण ११ मि.मी. वर येते. तिथे मी तसंही काही काढत नाही. दोन्ही गोष्टी साधायच्या तर स्क्रू बदलावा लागेल. तेवढ्यासाठी मी बदलणार नाही.

अंगाला चिकटलेली भुतं

किरण पसरवल्यावर अर्ध्या-पाऊण मि.मी. वर दिसणारी. ०.५३ मि.मी. म्हणजे १ मि.मी. अंतर, म्हणजे स्क्रूचा एक फेरा. ही सगळ्यात जुनी भुतं. १८८०च्या दशकात भौतिकशास्त्रज्ञ हेन्री रोलंड अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हिऱ्याच्या टोकाने विवर्तन जाळ्या, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या बारीक समांतर रेघा, कोरत होता, तेव्हा वर्णपटातल्या प्रत्येक रेषेला अशी पिल्लं फुटायची. त्यांना आजही रोलंडची भुतं म्हणतात. स्क्रू घासून घासून निर्दोष करण्यात त्याने आयुष्यातली वर्षं घातली. आपल्याला तेवढं करायची गरज नाही. स्क्रूच्या टोकाचं बेअरिंग डगमगतंय का ते बघा, बहुतेक वेळा तिथेच असतं.

पण ०.७६ मि.मी. भरलं तर स्क्रूला हात लावू नका. माझ्याकडे सत्तर मिनिटांत २०४८ ओळी होतात, म्हणजे मिनिटाला साधारण ५८ मायक्रॉन. ०.७६ मि.मी. चं भूत म्हणजे ०.७ मि.मी., म्हणजे बारा मिनिटं. बारा मिनिटांनी काय होतं? एसीचा कंप्रेसर सुरू होतो. अ‍ॅल्युमिनियमची १०० मि.मी. ची पट्टी एका अंशाला २.३ मायक्रॉन वाढते, आमची तर अख्खी ओळ तेवढ्यात मावते. यंत्रावर पुठ्ठ्याचा डबा उपडा घातला आणि लिहायच्या तासभर आधी एसी बंद केला. तापमान एकाच दिशेने हळूहळू सरकलं तर ओळी किंचित ताणल्या जातात, भूत येत नाही. त्रास वरखाली होण्याचा आहे.

किती चूक आहे, हेही पुठ्ठ्यावरच

दोषी सापडला तरी दुरुस्ती पुरेशी झाली का, हे ‘क’ बघून कळत नाही. त्यासाठी साधी जाळी लिहा: ओळीतलं अंतर चाचणीपुरतं पुन्हा २ मायक्रॉन ठेवून आडव्या ओळी, चार मायक्रॉन लिहिलेलं, चार मायक्रॉन कोरं. मुख्य ठिपका ६६ मि.मी. वर येतो आणि भुतं त्याच्या दोन्ही बाजूंना. मोबाइलचा एक्सपोजर लॉक करून फोटो काढा, ठिपका पांढराफटक होऊ देऊ नका, आणि भुताची चमक भागिले मुख्य ठिपक्याची चमक काढा. त्याचं वर्गमूळ घ्या, ८ ने गुणा, ३.१४ ने भागा: ही चूक मायक्रॉनमध्ये. माझं भूत १ टक्का होतं, चूक पाव मायक्रॉन निघाली. कॉइलमध्ये उरलेल्या ८ टक्के प्रवाहाचा हिशोब केला तर तोही पाव मायक्रॉनच येत होता. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला, त्या रात्री मी पहिल्यांदा निवांत झोपलो.

याच जाळीत आणखी एक फुकटची तपासणी आहे. लिहिलेली आणि कोरी पट्टी सारख्या रुंदीच्या असतील तर १३ सें.मी. वरचा दुसरा ठिपका जवळपास नाहीसा होतो. तो उजळ दिसला तर लेझर जास्त जाळतोय किंवा कमी. शक्ती बदलत बदलत तो ठिपका किमान करा. मध्यबिंदू अवाजवी झगमगतोय अशी तक्रारही बऱ्याचदा याने मिटते. न मिटल्यास फोकस पाहा: एनए ०.६ ला फोकसची मुभा एक मायक्रॉनच्या आसपास आणि चकती ०.१ अंश जरी कलली तरी ४ मि.मी. मध्ये ७ मायक्रॉनांचा फरक पडतो. ऑटोफोकसची कॉइल चालू ठेवा, स्थिर भिंगाने हे जमत नाही.

आजची स्थिती: वीस मायक्रॉनवालं भूत ०.३ टक्क्यावर आलंय, म्हणजे चूक ०.१४ मायक्रॉन. तक्ता आणखी घासला तर कमी होईल, पण ‘क’मध्ये ते आता दिसत नाही. १.०६ मि.मी. वर मात्र एक नवीन आलंय. म्हणजे अर्धा मि.मी., स्क्रूच्या एका फेऱ्यात दोनदा. मोटर आणि स्क्रूमधलं कपलिंग वाकडं बसलं की असं होतं, आणि ते मी गेल्या रविवारी काढून पुन्हा लावलं होतं. या रविवारी परत खोलतो.